न धुतलेली काच

पाच महिने झाले, कवळीकार दर रविवारी सकाळी सहाला मासे धरायला म्हणून घराबाहेर पडत आणि फर्निचरच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात जाऊन हवेत दोरी फेकत. तिथे पाणी नव्हतं. म्हणजे टाकी होती, पण ती छपरावर. आवारात राखणीचा एक कुत्रा होता. पहिल्या रविवारी तो भुंकला, दुसऱ्या रविवारी नुसता बघत बसला आणि तिसऱ्या रविवारपासून त्याने झोपायला सुरुवात केली. दहा वाजले की कवळीकार गळाच्या काठीचे सुटे केलेले तुकडे पिशवीत भरत, तिथल्या नळाखाली बूट भिजवत आणि घरी येत.

"मिळाले का?" बायको विचारायची.

"दोन. सोडून दिले."

ह्या उत्तराची उलटतपासणी करायची सोय नव्हती. कवळीकारांचा छंद होता फ्लाय फिशिंगचा. गळाला गांडूळ लावून, टोपी डोळ्यांवर ओढून काठावर पेंगणाऱ्यांतले ते नव्हते. पिसं, रेशमी दोरा आणि सशाचे केस घेऊन ते इवल्याशा गळावर खोटी माशी बांधत. ती अशी फेकायची की वाहत्या पाण्यावर ती खरीच येऊन टेकली असं माशाला वाटलं पाहिजे. मासा फसला की हात ओले करून त्याला अलगद धरायचं, दोन क्षण बघायचं आणि सोडून द्यायचं. "एवढा खटाटोप करून शेवटी काय?" हा प्रश्न त्यांना बावीस वर्षं विचारला गेला होता आणि बावीस वर्षं त्यांना उत्तर सुचलं नव्हतं. पण आता त्याच नियमाने त्यांची लाज राखली होती. रिकाम्या हाताने परत येणं हीच ज्या छंदाची रीत, त्यातलं खोटं पकडणार कोण?

कवळीकार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि हे त्यावरून कवळ्या करत, म्हणून पडलेलं नाव. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, चिमटे, एक छोटा बर्नर आणि शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. पंचवीस वर्षांत त्यांनी शेकडो तोंडं आतून ओळखली होती, बाहेरून जवळजवळ एकही नाही. काम कुठेही नेता येण्यासारखं होतं. त्यामुळे बायकोला बढती मिळून ती दूरच्या ह्या शहरात बस आगाराची प्रमुख झाली, तेव्हा अडचण कवळ्यांची नव्हतीच. अडचण होती ओढ्याची.

जुन्या गावी सायकलने अर्ध्या तासावर त्यांचा ओढा होता. थंड, स्वच्छ, गुडघाभर पाण्याचा. बढतीचं पत्र हातात आल्यावर बायको दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आणि तुमच्या ओढ्याचं काय?"

"अगं, पृथ्वीचा पाऊण भाग पाणीच आहे," कवळीकार मोठ्या ऐटीत म्हणाले.

नव्या मुलखात आल्यावर कळलं, की राहिलेला पाव भाग तो हाच. सपाट जमीन, सरळ रस्ते, चहासारख्या रंगाचा एक कालवा आणि एक तळं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने कवळीकारांची खोट्या माश्यांची डबी उघडून बघितली आणि मिटून परत दिली. "आमच्याकडे गांडुळं आहेत, पिठाच्या गोळ्या आहेत," तो म्हणाला. "पिसं कशाला? इथले मासे टोप्या घालत नाहीत."

तळ्याकाठी बसणाऱ्यांना विचारावं, तर तेही अवघडच. मासे धरणारी माणसं वजनाबद्दल फुगवून बोलतात आणि जागेबद्दल आटवून. एकाने पूर्वेला हात केला, दुसऱ्याने पश्चिमेला, तिसऱ्याने आपल्याला ऐकू येत नाही असं चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं. चौथ्याने मात्र खांद्यावर हात ठेवून एक झरा सांगितला, गुपचूप. कवळीकार सात किलोमीटर चालत गेले. तिथे नगरपालिकेची मोठी पाइपलाइन फुटली होती.

असा दीड महिना गेला. एका संध्याकाळी बायको कामावरून आली, बूट काढले, पाय स्टुलावर ठेवले आणि डोळे मिटून म्हणाली, "पाणी सापडलं का हो तुमचं?"

तिचा चेहरा इतका दमलेला होता की कवळीकारांच्या तोंडून निघून गेलं, "सापडलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकाला तरी इथे काहीतरी सापडलं."

कवळीकारांनी त्यातलं "बरं झालं" तेवढंच ऐकलं.

मग ओढा वाढत गेला. खोटा दात खरा वाटावा असं असेल, तर तो पांढराशुभ्र ठेवून चालत नाही, कुठेतरी पिवळसर झाक, एखादी बारीक चीर द्यावी लागते, हे कवळीकारांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी ओढ्यात मधूनमधून गाळ आणला. दोन रविवार एकही मासा लागू दिला नाही. वळणावर उलट्या कढईसारखा एक काळा दगड बसवला आणि त्या दगडावर एक खंड्या. खंड्या बायकोला फार आवडला. "आज होता का?" ती विचारायची, आणि तो नव्हता असं सांगण्याची त्यांची छाती होत नसे. खरं तर त्यांनाही आता त्या ओढ्याची ओढ लागली होती. गोदामामागे दोरी फेकताना ते डोळे बारीक करत, तेव्हा ताडपत्रीखालच्या सोफ्यांच्या जागी तो दगड दिसू लागे.

ह्या खोट्या ओढ्याला सहावा महिना लागला आणि एका गुरुवारी, चहाचा कप धुऊन पालथा घालता घालता बायको म्हणाली, "पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी सही करायची आहे. इथे कायम राहायचं, की जुन्या जागेवर परत जायचं."

"त्यात विचार कसला करायचा?" कवळीकार म्हणाले.

"आहे थोडा. त्याच्या आदल्या रविवारी मी तुमच्याबरोबर येते. तुमचा ओढा बघते, जरा डोकं शांत होईल. मग ठरवते."

ज्या ओढ्याच्या जोरावर बायकोची नोकरी ह्या गावात टिकायची, असं कवळीकार समजून चालले होते, तो ओढा आता दहा दिवसांत कुठूनतरी पैदा करायला हवा होता. दगडासकट.

शुक्रवारी सकाळी बायको चष्मा विसरून गेली. तो द्यायला म्हणून कवळीकार पहिल्यांदाच आगारात गेले. फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला गाड्या धुण्याची जागा होती. आदल्या संध्याकाळी लांबून येऊन उभ्या राहिलेल्या गाड्या सकाळी तिथे एकेक करून येत. चौघांची तुकडी होती आणि तुकडीची प्रमुख एक ठेंगणी, रुंद बाई. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगावर रबरी एप्रन, हातात पाण्याची जाड नळी. सगळं आगार तिला मावशी म्हणायचं, आणि जरा अंतर ठेवूनच म्हणायचं.

कवळीकारांची नजर समोरच्या गाडीच्या काचेवर गेली आणि तिथेच खिळली.

काचेवर चिलटं, पतंग, भुंगे यांचा नेहमीचा चिखल झाला होता. पण वायपरच्या वर, डाव्या कोपऱ्यात एक नाजूक, लांबट कीटक चिकटला होता. पंख होडीच्या शिडासारखे उभे आणि शेपटीला केसासारखे तीन तंतू. कवळीकारांनी भिंग काढलं. ही ती माशी, जिला ते एकदिवशी म्हणत. कारण पंख फुटल्यावर ती जेमतेम एक दिवस जगते. त्याआधी ती वर्षभर वाहत्या पाण्यातल्या दगडाखाली राहते, आणि पाणी स्वच्छ नसेल तर राहतच नाही. बावीस वर्षं ते हिचीच नक्कल बांधत आले होते. म्हणजे काल संध्याकाळी ही गाडी एखाद्या चांगल्या ओढ्यावरून गेली होती!

"काय बघताय?" मागून मावशीने विचारलं.

खरं सांगावं तर ते बायकोच्या कानावर जाणार. "काही नाही," कवळीकार म्हणाले, "काच बघतोय."

"आपण कोण?"

"मी मॅडमचा मिस्टर."

मावशीने हातातली नळी बंद केली. कवळीकारांना एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आनंदात माणसाला थांबायचं सुचत नाही. ते काचेकडे बघत, अगदी मनापासून म्हणाले, "बरीच घाण असते हो तुमच्याकडे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते चष्मा देऊन तरंगत घरी गेले.

घरी गेल्यावर मात्र त्यांना कळलं की आपण गाडीचा क्रमांक बघितला, पण त्याचा उपयोग नाही. आगारातल्या गाड्या रोज बदलत्या मार्गांवर जात. काल कोणती गाडी कुठे गेली होती, हे फक्त बायकोच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलेलं असे. तेव्हा त्यांनी पद्धतशीरपणे काम करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते वही, चिमटा आणि झाकणाच्या छोट्या डब्या घेऊन हजर. सगळ्या काचा ते पाहत गेले. भिंगातून बघायचं, चिमट्याने उचलायचं, डबीत ठेवायचं, वहीत टिपायचं. तुकडीतले चौघेही हातातले ब्रश खाली धरून उभे होते. कवळीकारांना वाटलं, किती समजूतदार माणसं!

एका चालकाला त्यांनी हळूच विचारलं, "ही गाडी काल कुठून आली हो?"

चालक ताठ उभा राहिला. "वेळेवर आली, साहेब."

"हो, पण कुठून?"

"अगदी वेळेवर. दोन मिनिटं आधीच म्हणा ना."

सोमवारी कवळीकार आले आणि हबकले. एकूण एक गाडी लखलखत होती. गाड्या धुण्याच्या जागेत यायच्या आधीच, फाटकाबाहेर रस्त्यावर बादल्या घेऊन काचा पुसल्या जात होत्या. लांबच्या मार्गांवरचे चालक म्हणे शेवटच्या थांब्यावर स्वतःच्या रुमालाने काच घासून मगच निघत. काच आहे की नाही, हे बोट लावून बघावं लागत होतं.

"अरेरे," कवळीकार म्हणाले. "काहीच शिल्लक नाही?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "बघा की भिंगाने."

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी कवळीकारांचा धीर सुटला. रविवार तोंडावर आला होता. ते मावशीजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, एक विनंती होती. उद्या एखादी गाडी न धुता ठेवाल का? माझ्यापुरती. कोणाला काही सांगू नका."

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की कवळीकार नकळत दोन पावलं मागे सरकले.

शुक्रवारी दहा वाजता फोन आला. "आत्ताच्या आत्ता आगारात या," बायको म्हणाली, आणि फोन ठेवला. तिने "अहो" म्हटलं नव्हतं. कवळीकारांनी जबडा तसाच मेणात सोडला आणि ते निघाले.

बायकोची खोली लहान होती. भिंतभर फळा, त्यावर चाळीस गाड्यांचे चाळीस चौकोन. टेबलापलीकडे बायको आणि अलीकडे मावशी, एप्रनसकट. मावशीच्या बुटांतून पाणी गळून फरशीवर ओघळ आले होते. दाराशी तो वेळेवर आलेला चालक.

"मॅडम, आमच्या कामावर विश्वास नसेल तर तोंडावर सांगा," मावशी म्हणाली. "आम्ही ऐकून घेऊ. पण नवऱ्याला भिंग देऊन आमच्यामागे हेर म्हणून लावू नका. काल म्हणाले, एक गाडी न धुता ठेवा. म्हणजे फोटो काढून वरच्यांना पाठवायचा, असंच ना?"

"मी ह्यांना पाठवलेलं नाही," बायको म्हणाली.

"मग काय, स्वतःच्या हौसेने मेलेल्या माश्या गोळा करतात?"

सगळे कवळीकारांकडे बघू लागले.

"हो," कवळीकार म्हणाले.

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा खरं बोलले होते आणि त्यांच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. एकदिवशी माशी, वाहतं पाणी, गोदामामागचं आवार, कुत्रासुद्धा. बोलताना ते मावशीकडेच बघत राहिले, कारण बायकोकडे बघण्याची हिंमत नव्हती.

"गोष्ट छान रचलीत," मावशी म्हणाली. "चला रे." आणि चालकाला घेऊन ती बाहेर पडली.

बायकोने उठून दार लावलं.

"तो दगड?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि खंड्या?"

"तोही नाही."

"तो तरी असेल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली. "कशासाठी हो हे सगळं?"

"तू ही जागा सोडू नयेस म्हणून. माझ्या ओढ्यापायी तुला परत जावं लागू नये."

"ओढ्यापायी मी परत जाईन, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कवळीकारांनी आठवून बघितलं. तसं कोणीच सांगितलं नव्हतं.

"रोज सकाळी मी खाली जाते," बायको म्हणाली. "रोज विचारते, काही अडचण आहे का. रोज सगळे म्हणतात, सगळं ठीक आहे मॅडम. अहो, चाळीस गाड्यांच्या आगारात सगळं ठीक कधी असतं का? गाड्या बंद पडतात, ते मला प्रवाशांकडून कळतं. ही माणसं माझ्याशी बोलतच नाहीत. वरून आलेली बाई, नजर ठेवायला आलेली, असं धरून बसलेत. म्हणून परत जावं वाटत होतं. मावशी जरा बोलायला लागली होती, मागच्या महिन्यात एकदा हसलीसुद्धा. आणि तेवढ्यात तुम्ही आलात! भिंग घेऊन!"

ती रडली असती तर कवळीकारांना काहीतरी करता आलं असतं. ती रडली नाही. तिने पुढचा कागद ओढला आणि काम सुरू केलं.

कवळीकार जिना उतरून खाली आले. फाटकाकडे वळायचं, ते गाड्या धुण्याच्या जागेकडे वळले. तुकडी काम थांबवून उभी राहिली. कवळीकारांनी खिशातून माश्यांची डबी काढली आणि मावशीसमोर उघडली. खाचांत ओळीने साठ-सत्तर खोट्या माश्या बसल्या होत्या.

"ह्या मी बांधल्यात," ते म्हणाले. "हेरगिरी करणारा माणूस असलं करत बसेल का, तुम्हीच सांगा."

मावशीने एक माशी उचलली, उलटीसुलटी केली. "हे कशाचं?"

"कोंबड्याच्या मानेचं पीस."

"आणि ह्याने मासा धरता?"

"हो."

"मग खाता?"

"नाही. सोडून देतो."

तुकडीतला एकजण फिसकन हसला. मावशी हसली नाही. "सोडायचाच, तर धरता कशाला?" तिने विचारलं.

"ते मलाही नीट सांगता येत नाही," कवळीकार म्हणाले, "पण चुकलं माझं. मॅडमना ह्यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही मला काय हव्या त्या शिव्या द्या, पण तिला उगाच दोष देऊ नका."

मावशी अजून हातातल्या माशीकडेच बघत होती. "तीन शेपट्यांची आहे ही," ती म्हणाली. "वाळली की भुवईच्या केसासारखी बसते. निघता निघत नाही, साबण दोनदा लावावा लागतो. दगडी पुलाच्या गाडीवर असते. शेवटच्या थांब्याच्या एक थांबा अलीकडे."

कवळीकारांचं तोंड उघडंच राहिलं.

"बावीस वर्षं धुतेय मी," मावशी म्हणाली. "गाडी कुठून आली ते काच बघून सांगते. फळा बघायला लागत नाही मला. विचारायचं तरी होतंत! आठवडाभर भिंग घेऊन नाचताय आमच्या डोळ्यांपुढे." मग तिने नळी पुन्हा उचलली. "रविवारी जाणार ना? आम्ही पण येणार. मासा निघाला तर खरं. नाही निघाला, तर मग हेर."

रविवारी सकाळी आठच्या गाडीने सगळे दगडी पुलाशी उतरले. मावशी, तिची तीन माणसं, सुट्टीवर असलेला चालक आणि बायको. बायको यायला तयार नव्हती. "माझ्या ओढ्यावर नाही, मावशीच्या ओढ्यावर चल," असं कवळीकारांनी म्हटल्यावर आली. मावशी आज साध्या चपलांत होती आणि त्यामुळे अनोळखी वाटत होती.

पुलाखाली ओढा होता. कवळीकारांच्या कल्पनेतल्यापेक्षा खूपच अरुंद, दोन्ही बाजूंनी झुडपं झुकलेली. पण पाणी खळखळत होतं आणि तळाचे गोटे दिसत होते. मंडळी काठावर ओळीने बसली, परीक्षा घ्यायला आलेल्या पाहुण्यांसारखी. बायको जरा लांब, एकटी.

कवळीकारांनी काठी जोडली, दोरी मागे नेली आणि पहिली फेक केली. माशी मागच्या झुडपात अडकली.

"झाड धरलं," चालक म्हणाला.

दुसरी फेक करताना चालकाची टोपी गेली. चालकाने ती पाण्यातून काढून पिळली, आणि तो पुलावर जाऊन बसला. गोदामामागे कवळीकारांचा हात कधी चुकला नव्हता, पण तिथे फक्त कुत्रा बघत असे. तासभर गेला. माश्या बदलून झाल्या. एकदा पाय घसरून कवळीकार कंबरेपर्यंत भिजले.

"मासा ह्यांना धरणार बहुतेक," तुकडीतला एक म्हणाला.

"बारा वाजता परतीची गाडी आहे," मावशीने आठवण करून दिली.

ओल्या पँटीने कवळीकार एका गोट्यावर बसले. समोरचा एक धोंडा त्यांनी सहज उलटा केला. त्याच्या ओल्या पोटाला पाच-सहा बारीक जीव चिकटले होते. सपाट, मातकट, शेपटीला तीन तंतू. ते कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी कल्पनेतल्या ओढ्यात किती गोष्टी ठेवल्या होत्या, पण दगडाखाली कधी डोकावले नव्हते. आपण कशासाठी आलोय, कोण बघतंय, हे त्यांच्या मनातून हळूहळू उतरत गेलं. ऊन वर आलं. पुलाच्या सावलीत पहिली एकदिवशी पाण्यावरून उठली, मग दुसरी, मग दहा-वीस एकदम. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं आणि विरलं.

कवळीकारांनी डबीतली सगळ्यात लहान, मळकट माशी बांधली. गुडघ्यांवर रांगत ते वर्तुळाच्या खालच्या अंगाला गेले आणि मनगटाच्या एका हलक्या हालचालीने दोरी सोडली. माशी टेकली. पाणी फुटलं. काठी वाकली.

"अगं बाई!" मावशी ओरडली आणि उभी राहिली.

मासा तळहाताएवढा होता. कवळीकारांनी हात ओले केले, त्याला उचलून धरलं आणि बायकोकडे बघितलं. ती कधी काठाशी येऊन उभी राहिली होती, त्यांना कळलंच नव्हतं. माशाच्या कुशीवर एक फिकट निळी रेघ होती, पाण्याबाहेर दोन क्षणच टिकणारी. बायकोने वाकून ती बघितली. मग कवळीकारांनी हात पाण्यात नेले आणि मूठ सैल केली.

"अहो!" चौघे एकदम ओरडले. "सोडला!"

"मी सांगितलं होतं," कवळीकार म्हणाले.

"सांगितलं होतंत, पण खरंच सोडाल असं कुणाला वाटलं होतं?" मावशीने कपाळावर हात मारला. तिने पाण्याकडे बघितलं, मग भिजलेल्या कवळीकारांकडे, मग आपल्या माणसांकडे वळून निकाल दिला. "नाही रे. हा माणूस हेर असूच शकत नाही. हाती आलेला पुरावा सोडायचा नसतो, एवढं तरी हेराला कळतं."

सगळ्यांत आधी बायको हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, मग हात काढून मोठ्याने. पुलावरून चालकही हसत खाली आला. ओली टोपी त्याने परत डोक्यावर घातली होती.

परतीच्या गाडीत गर्दी होती. बायकोला खिडकीशी जागा मिळाली आणि तिच्या शेजारी मावशी बसली. कवळीकारांना जागा नव्हती. शिवाय त्यांच्या पँटीतून पाणी गळत असल्यामुळे कोणी सरकूनही बसेना. ते काठीची पिशवी छातीशी धरून दांड्याला लटकले.

तिसऱ्या थांब्याला मावशी म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? तो कोपऱ्यातला पंप. त्याला जोरच नाही हो. थेंब थेंब येतं. गाडीच्या टपावरच्या घाणीपर्यंत पोचतच नाही. चार वर्षं झाली."

"चार वर्षं?" बायको म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"आता सांगते ना."

"आणि हातमोजे," तुकडीतला एकजण मागच्या बाकावरून म्हणाला. "एकाच हाताचे आलेत. डाव्या. पेटीभर."

"विश्रांतीच्या खोलीचं दार आतून लागत नाही," चालक म्हणाला, "आणि ते वेळापत्रक कोणी बनवलंय? पुलापासून आगारापर्यंत चाळीस मिनिटांत यायला माणसाला पंख पाहिजेत. म्हणून तर रोज उशीर होतो."

"पण तुम्ही तर वेळेवर येता ना?" कवळीकारांनी विचारलं.

"तुम्ही जरा दांडा धरा हो साहेब," चालक म्हणाला.

बायकोने पिशवीतून डायरी काढली. ती लिहीत होती आणि मान वर न करता विचारत होती. किती पेट्या? कोणत्या तारखेला? कोणाला कळवलं होतं? गाडी शहरात शिरली, आगार जवळ आलं, तरी तक्रारी आटपेनात. फाटकाशी गाडी थांबली, बाकीचे प्रवासी उतरून गेले आणि ही मंडळी तशीच बसून राहिली. बायकोने पान उलटलं, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यांवरून कवळीकारांकडे बघितलं.

"उद्या सही करावीच लागणार बहुतेक," ती म्हणाली. "नाहीतर ह्यांना हे सगळं दुसऱ्या कोणालातरी पहिल्यापासून सांगत बसावं लागेल."

"पण मॅडम," मावशी म्हणाली, "अजून साबणाचं राहिलंय."